फरसबी लिंबू घालून परतली की तिचा हिरवा रंग जातो. लिंबू नेमकं कधी घालावं?

गॅस बंद केल्यावर, अगदी वाढायच्या वेळी पिळा. हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियम असतं. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की ते निसटतं, त्या जागी हायड्रोजन येतो आणि भाजी शेवाळी दिसायला लागते. शिवाय आंबटपणात शेंगा शिजतातही सावकाश, म्हणजे आधी लिंबू पिळून दुहेरी तोटा. भाजीतही थोडं आम्ल असतंच, ते वाफेबरोबर जावं म्हणून झाकण ठेवू नका.

पाव किलो शेंगांसाठी:
- भरपूर उकळत्या, मीठ घातलेल्या पाण्यात ३-४ मिनिटं शिजवून निथळून घ्या.
- तेलात ठेचलेला लसूण टाका, वास सुटला की शेंगा घालून मोठ्या आचेवर मिनिटभर परता.
- गॅस बंद करून लिंबाची किसलेली साल आणि एक-दोन चमचे रस.

सालीला आळस करू नका. लिंबाचा खरा सुगंध सालीतल्या तेलात असतो. रस मुख्यतः आंबटपणा देतो. फक्त वरचा रंगीत भागच किसा, पांढरा भाग कडू लागतो. रंगासाठी खाण्याचा सोडा घालण्याचा सल्ला बरेच जण देतात. रंग राहतो खरा, पण शेंगांचा लगदा होतो.

भाजी डब्यात न्यायची असेल तर मात्र हा उपाय पुरत नाही, कारण नंतर पिळलेल्या लिंबानेही तासाभरात रंग उतरू शकतो. तेव्हा फक्त साल घाला आणि लिंबाची फोड वेगळी द्या.