बाणाचं टोक गारगोटीचं, तरी कायद्याला ते हत्यारच

प्रश्न : मी मुलुंडला राहतो. दोन वर्षांपासून बांबूचं धनुष्य आणि गारगोटीची बाणाची टोकं हातानं घडवतो. गारगोटीचे छिलके काढायला चितळाच्या शिंगाचा सापडलेला तुकडा वापरतो. परदेशात अशा धनुष्यानं हरणांची शिकार करतात. रविवारी घरामागच्या डोंगरातून नॅशनल पार्कच्या हद्दीत गेलो आणि झाडाच्या बुंध्यावर सराव करताना वनरक्षकांनी धरलं. धनुष्य आणि सात बाण जप्त झाले. सोमवारी जबाबाला बोलावलंय. मी एकही प्राणी मारलेला नाही, फक्त मित्रांच्या ग्रुपवर 'ससा आणतो' असं गमतीत लिहिलं होतं. माणगावजवळ मामाच्या भातात रानडुकरं घुसतात. बंदूक नाही म्हटल्यावर तिथं तरी परवाना लागणार नाही ना?

उत्तर : सोमवार तोंडावर आहे, म्हणून आधी जबाबाचं बोलते.

प्राणी मेला नाही म्हणजे प्रकरण किरकोळ, या समजुतीत राहू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या 'शिकार' या शब्दात मारण्याबरोबर जखमी करणं, सापळा लावणं, हाका घालणं (प्राण्याला एका दिशेनं हाकलत नेणं) आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणंही येतं. 'हत्यार' या शब्दाच्या व्याख्येत तर धनुष्यबाण नावानिशी लिहिलेला आहे. टोक पोलादाचं की दगडाचं, हे कायदा विचारतच नाही. लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन राष्ट्रीय उद्यानात शिरणं हाच कलम ३१ आणि ३५ खाली गुन्हा आहे.

खरी मेख पुढे आहे. नुसतं हत्यारासह शिरल्याचा गुन्हा लागला, तर कलम ५१ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात किमान कैद नाही आणि कलम ५४ खाली रक्कम भरून तडजोडीचा अर्ज करता येतो. पण तीच घटना 'उद्यानात शिकारीचा प्रयत्न' म्हणून नोंदली गेली, तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद, वर किमान २५ हजार दंड, आणि तडजोडीचं दार बंद. तुमचा जबाब या दोनांपैकी कुठल्या बाजूला झुकतो, याची मला मनापासून काळजी वाटते.

वनाधिकारी म्हणजे पोलीस नव्हेत. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे संरक्षण इथं गृहीत धरू नका. एकटे जाऊ नका, फौजदारी काम करणारा वकील बरोबर घ्या. सराव चालला होता हे खरं असेल तर तेवढंच सांगा. खोटं बोलू नका, पण विचारलेलं नसताना परदेशातल्या शिकारीच्या गोष्टीही सांगत बसू नका. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती तुमच्यावर नाही. राज्यघटनेच्या कलम २०(३) नं दिलेला हा हक्क आहे. वाचल्याशिवाय सही करू नका. रविवारच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

तो 'ससा आणतो' मेसेज डिलीट करू नका. पुरावा नष्ट केल्याचा आरोप वेगळा लागेल. वकिलांना तो आजच दाखवा.

शिंगाच्या तुकड्याचंही वकिलांना आजच सांगा. वन्यजीव कायद्यातल्या 'ट्रॉफी'च्या, म्हणजे जपून ठेवलेल्या प्राण्याच्या अवयवाच्या, व्याख्येत शिंग स्पष्टपणे आहे. जंगलात सापडलं होतं, एवढ्यावर सुटका होत नाही. ते फेकून देऊ नका, वकिलांमार्फत वनखात्याकडे जमा करा. छिलके काढायला लाकडी मुठीत बसवलेली तांब्याची सळी पुरते. गारगोटीही राखीव जंगलातून उचलू नका. १९२७ च्या वन कायद्यात तिथला दगडसुद्धा वनोपज ठरतो.

आता मामाचं शेत. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. पीक वाचवण्यासाठी त्याला मारायचं तर कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी हवी. ती पिकाच्या रक्षणासाठी मिळते, कुणाच्या छंदासाठी नाही. मामांनी पीकनुकसानीच्या भरपाईचा अर्ज करावा, तो त्यांचा हक्क आहे. दगडी टोकाचा बाण खांद्याच्या हाडावर फुटला आणि डुक्कर जखमी होऊन पळालं, तर ते हाल होऊन मरेल किंवा बांधावरच्या माणसाच्या अंगावर जाईल. हे मी तुम्हाला वकील म्हणून नव्हे, माणूस म्हणून सांगते. मेलेलं जनावर तर सरकारी मालमत्ता ठरतं.

परदेशाचं उदाहरण इथं उपयोगाचं नाही. तिथं शिकारीचा हंगाम असतो, परवाना मिळतो. आपल्याकडे शौकाच्या शिकारीचे परवाने १९९१ च्या दुरुस्तीनं बंद झाले. २००६ च्या वनहक्क कायद्यानंही आदिवासींच्या पारंपरिक हक्कांतून शिकार स्पष्टपणे वगळली.

छंद सोडा असं मी म्हणणार नाही. हातानं टोक घडवणं ही हजारो वर्षांची विद्या आहे. तिरंदाजीच्या मैदानावर, गवताच्या गठ्ठ्यावर बाण मारा. मुंबईत प्रवास करताना मात्र प्रत्यंचा उतरवून, टोकं काढून, सगळं बंद पिशवीत ठेवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली हत्यारं आणि फेकायची साधनं बाळगण्यावर मनाई आदेश निघतात, त्यात दगडसुद्धा येतात. निघण्यापूर्वी आदेश लागू आहे का, ते पोलीस ठाण्यात विचारा.

जप्त झालेल्या धनुष्याची आशा फारशी धरू नका. गुन्ह्यात वापरलेलं हत्यार सरकारजमा होतं.