मावशीकडे ठेवू की वसतिगृहात?

प्रश्न : मुलगी 14 वर्षांची आहे. सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या खासगी शाळेत जाणार आहे. शाळा वसतिगृह सुचवते. माझी मावसबहीण लेस्टरलाच राहते. तिच्याकडे ठेवलं तर चालेल का?
– एक पालक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, चालेल. पण आपल्या घरातली ही मावशी ब्रिटिश कायद्यात मावशी नाही. तिथे जवळचे नातेवाईक म्हणजे आजी-आजोबा, भावंडं, सावत्र आई-वडील, आणि आईवडिलांची सख्खी-सावत्र भावंडं व त्यांचे जोडीदार. चुलत, मामे, मावस त्यात येत नाहीत. म्हणून फॉर्मवर 'आंट' लिहू नका. 16 वर्षांखालचं मूल अशा घरी 28 दिवस किंवा जास्त राहिलं की ते 'प्रायव्हेट फॉस्टरिंग' ठरतं.

त्यासाठी किमान 6 आठवडे आधी तिथल्या कौन्सिलला (स्थानिक पालिकेला) कळवावं लागतं. शाळेनं कौन्सिलला पाठवलेलं पत्र आणि कौन्सिलची पोच, दोन्ही व्हिसाच्या अर्जाला जोडा. बहीण ब्रिटिश नागरिक किंवा तिथली कायमची रहिवासी हवी. ती नोकरीच्या व्हिसावर असेल तर हा विचार सोडा. दरमहा 570 पौंडांप्रमाणे 9 महिन्यांचे 5,130 पौंड तिनं दाखवायचे, आणि आईवडील दोघांचं संमतिपत्र द्यायचं. पहिल्या वर्षी दर 6 आठवड्यांनी समाजसेविका घरी येईल, मुलीला एकटीला घेऊन तिच्याशी बोलेल. बहिणीला आणि तिच्या घरच्यांना हे आत्ताच सांगा; नंतर कळलं तर नात्यात कटुता येते.

वसतिगृह घेतलं तरी बाहेर एक घर लागतंच. प्रत्येक सत्राच्या मध्ये हाफ-टर्मची सुट्टी असते, तेव्हा बहुतेक वसतिगृहं बंद होतात. मूल आजारी पडलं तरी कुणीतरी जवळ हवं. म्हणून शाळा ब्रिटनमधला पालक-प्रतिनिधी मागतात. शाळेची हरकत नसेल तर ते काम बहिणीला द्या. कुणी ओळखीचं नसेल तर 'एजिस' (अशा पालक-प्रतिनिधी संस्था तपासणारी ब्रिटिश संघटना) मान्यताप्राप्त संस्था शोधा.

आमच्या मते पहिलं वर्ष वसतिगृह आणि छोट्या सुट्ट्या मावशीकडे, हेच बरं. तिच्याकडे सलग 28 दिवस होत नसतील, तर कौन्सिलचा प्रश्न उरत नाही. खर्च मात्र नीट विचारा : 1 जानेवारी 2025 पासून खासगी शाळांच्या फीवर आणि वसतिगृहावरही 20 टक्के व्हॅट आहे. आकडा करासह लेखी घ्या. व्हिसासाठी ती रक्कम तुमच्या खात्यात सलग 28 दिवस हवी. मध्ये एक दिवस जरी कमी पडली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो.