जिवतीच्या कागदावर नरसिंह आणि वाघावर बसलेला देव कशासाठी?

जिवती लेकरांची देवता, मग श्रावणात पुजतात त्या तिच्या चित्राच्या कागदावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण आणि हत्ती-वाघावर बसलेले दोघे कुठून आले, असं तुम्ही विचारलंय.

कागदाला नाव जिवतीचं असलं तरी तो श्रावणातल्या वारांचा आहे. खाली हत्तीवर अंकुश घेतलेला बुध आणि वाघावर चाबूक घेतलेला बृहस्पती, त्यांची पूजा बुधवारी-गुरुवारी. मध्ये लेकुरवाळ्या जरा-जिवंतिका, त्यांचा शुक्रवार. खांबातून निघालेला नरसिंह शनिवारचा. कालियामर्दनाला वार नाही, त्याची नागपंचमी. सोमवारची शिवामूठ आणि मंगळागौर यांची मांडणी निराळी, त्यांना इथे जागा नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक खुलासा फिरतो: नरसिंह घरातल्या संकटातून वाचवतो, कृष्ण बाहेरच्या, वगैरे. ऐकायला छान आहे, पण मला तो मागाहून जुळवलेला वाटतो. वार लावून बघितलं की कागद सरळ वाचता येतो.

मला खरी गंमत जरेची वाटते. महाभारतात मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना अर्धं-अर्धं मूल होतं. टाकून दिलेले ते तुकडे ही राक्षसी उचलते, एकमेकांना लावते आणि जरासंध रडायला लागतो. त्या राक्षसीला आपण आघाडा-दुर्वांची माळ नि गेजवस्त्र घालतो, चणे-फुटाणे आणि पुरणाचा नैवेद्य दाखवतो! मग पुरणाच्याच दिव्यांनी मुलांना ओवाळायचं. मुलं परगावी असतील तर चारी दिशांना अक्षता टाकायच्या. आमच्या मजल्यावर हल्ली आधी व्हिडिओ कॉल लागतो, अक्षता त्यानंतर.

बुध-बृहस्पतीच्या कहाणीत तर सून दोन बाहुली काढून पूजते. छापील कागद नव्हता तेव्हा चित्र हातानेच काढायचं. काही घरांत अजूनही गंधाने काढतात.

मुंबईत दीप अमावास्येच्या सुमारास दादर स्टेशनबाहेर फुलवाल्यांकडे आघाड्याच्या जुड्यांशेजारी कागद मिळतो. गिरगावात, पार्ल्यातही पूजासाहित्याच्या दुकानात विचारा. देव्हाऱ्याजवळ जागा नसेल तर स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर चिकटवलात तरी चालेल, आमचा तिथेच असतो. फ्रेम केलेला घेऊ नका असं सांगेन, कारण काचेवरून हळदीकुंकू घसरतं. पिठोरी अमावास्येनंतर आमच्याकडे तो काढतात. काही जण वर्षभर ठेवतात, तेही चालतं.