वाचकांचे प्रश्न : जैसलमेरला राहायला जाताना, फिरायला जाताना

थरच्या वाळवंटातलं जैसलमेर पाकिस्तानच्या सीमेपासून फार लांब नाही. हवाई दलाचा तळ शहराला लागूनच आहे, आणि या टापूतल्या लष्करावर पुण्याच्या दक्षिण कमांडची देखरेख असते. या अंकासाठी बदलीवर निघालेल्या कुटुंबांचे प्रश्न आले आणि पर्यटकांचेही. त्यातले निवडक इथे घेतले आहेत.

यजमान सैन्यात आहेत. एप्रिलमध्ये जैसलमेरला बदली झाली आहे. क्वार्टर मिळेपर्यंत आम्हाला दोन मुलांसह शहरात भाड्यानं राहावं लागेल. घर बघताना काय पाहावं? सामान काय न्यावं? — एक वाचक, कराड

घरात शिरलात की आधी पाण्याचं टाकं उघडून बघा. तिकडे त्याला ‘टांका’ म्हणतात, आणि ते जमिनीखाली असतं. शहराला इंदिरा गांधी कालव्याचं पाणी मिळतं. ते पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासून शेकडो किलोमीटर वाहत येतं. साधारण मार्चअखेर ते मे या काळात दुरुस्तीसाठी कालवा काही आठवडे बंद ठेवतात. ही ‘नहरबंदी’. म्हणजे तुम्ही पोचाल ते नेमके टंचाईचे दिवस असतील. नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे घरमालकाला विचाराच, पण शेजारच्या बाईंनाही विचारा. खरा आकडा तिथेच कळतो.

हिशोब असा करा. माणशी रोज १०० लिटर धरले तर चौघांचे ४०० होतात. कूलरला रोज ८० ते १०० लिटर लागतील. म्हणजे दिवसाला ५०० लिटर. दहा दिवसांच्या खंडाला ५,००० लिटरचं टाकं हवं. त्याहून लहान असेल तर टँकर दारापर्यंत येऊ शकतो का, तेही बघा. जुन्या गल्ल्यांत तो शिरत नाही.

टँकरचं पाणी टाक्यात घेतलंत तर १,००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली, ताजी ब्लीचिंग पावडर पुरते. ती कोरडीच टाक्यात टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं नितळ पाणी टाक्यात ओता. तासभर ते पाणी वापरू नका. पावडरचा डबा उघडा राहिला तर त्यातला क्लोरीन उडून जातो आणि मग माप बरोबर असूनही उपयोग होत नाही.

आरओ घेऊन जाण्याआधी तिथल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजा. पन्नास-शंभर रुपयांत कुणी मोजून दिला नाही, तरी मीटर स्वस्तात मिळतो. कालव्याचं पाणी मूळचं हिमालयातल्या नद्यांचं, गोडं असतं. आकडा ५०० च्या आत असेल तर यूव्ही आणि गाळणी पुरे. घरगुती आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी फेकून देतो, आणि टंचाईच्या गावात हे मनाला लागलं पाहिजे. पाणी बोअरचं, खारं असेल तर आरओला पर्याय नाही. मग फेकलं जाणारं पाणी बादलीत धरा आणि संडासाला वापरा.

कूलर तिथेच घ्या. मे महिन्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की चांगला कूलर ४२ अंशांची हवा २६-२७ पर्यंत उतरवतो. मात्र समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत तीच दमट हवा फिरत राहते, अंग चिकट होतं आणि दोष कूलरला जातो. दुसरा त्रास क्षारांचा. पाणी उडून जातं, मीठ टाकीत आणि जाळीत साचतं, पांढरी खपली धरते आणि गारवा कमी होतो. दर तीन-चार दिवसांनी टाकी रिकामी करून ताजं पाणी भरा. काढलेल्या पाण्यानं फरशी पुसता येते. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत ओलावा आला की कूलर निरुपयोगी ठरतो. मुलं लहान असतील तर एका खोलीत एसीची सोय असलेलं घर बघा.

सामानातलं जड सागवानी फर्निचर शक्य असेल तर गावीच ठेवा. आपल्याकडच्या हवेत मुरलेलं लाकूड तिथे आकसतं, सांधे उघडतात, फळ्यांना चिरा जातात. तबला किंवा तानपुरा नेणारच असाल तर तो गवसणीत, कूलरच्या झोतापासून लांब ठेवा. बाजरी तिथे मुबलक मिळते. पण पीठ आठवड्याचंच दळून आणा. उन्हाळ्यात बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं. ज्वारी नेणार असाल तर धान्यच न्या, पीठ नको.

मुलांना जमिनीवर झोपवू नका. कोकणात आढळतं ते फुरसं तिथेही आहे. शिवाय मण्यारीच्या जातीचा एक साप आहे, त्याला स्थानिक लोक ‘पीवणा’ म्हणतात. मण्यारीचा दंश बरेचदा दुखत नाही आणि झोपेत कळतही नाही. खाट, गादीखाली खोचलेली मच्छरदाणी आणि पायात घालण्याआधी झटकलेले बूट, एवढी सवय लावा. सकाळी मुलाच्या पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळायला लागलं किंवा कारण नसताना पोटात कळा आल्या, तर दंशाची खूण शोधत बसू नका, थेट जिल्हा रुग्णालय गाठा.

भाडेकरार झाला की पोलिसांकडे भाडेकरू पडताळणी करून घ्या. मालक ‘नंतर करू’ म्हणाला तरी थांबू नका.

तनोट आणि लोंगेवाला एका दिवसात होतं का? आई-वडील सत्तरीचे आहेत. मुलाकडे अमेरिकेचा पासपोर्ट आहे, त्याला काही अडचण येईल? — पुणे

होतं, पण पहाटे निघालात तर. जैसलमेर ते रामगढ सुमारे ६५ किलोमीटर, तिथून तनोट ५५. तनोटहून लोंगेवाला ४० च्या आत आहे, आणि परत रामगढमार्गे. एकूण साधारण २७० किलोमीटरचा फेरा होतो. रस्ता चांगला आहे. वेग मात्र आवरा, कारण वळणाआड रस्त्यावर वाळू आलेली असते आणि तिच्यावर ब्रेक दाबला की गाडी घसरते. रामगढला टाकी भरा, स्वच्छतागृहाची सोय तिथेच उरकून घ्या. पुढे मोबाइलची रेंज जाते-येते, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. माणशी चार लिटर पाणी गाडीत हवं. वडीलधाऱ्यांना तहान उशिरा कळते, तेव्हा दर अर्ध्या तासानं दोन घोट प्यायला लावा.

तनोटमातेच्या मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाचे जवान पाहतात. १९६५ च्या युद्धात आवारात पडूनही न फुटलेले तोफगोळे तिथे ठेवलेले आहेत. मंदिराच्या पुढे सीमेपर्यंत जायचं असेल तर सीमा सुरक्षा दलाची परवानगी आणि मूळ ओळखपत्र लागतं. परवानगी रोज मिळेलच असं नाही. परिस्थिती ताणलेली असेल तर ती बंद असते, आणि तिथल्या जवानाशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो.

लोंगेवाल्याला घाई करू नका. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाबच्या एका कंपनीनं इथे पाकिस्तानी रणगाड्यांचा हल्ला रोखून धरला. जैसलमेरच्या तळावरच्या हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता, त्यामुळे उजाडेपर्यंत टिकणं हेच त्या तुकडीचं काम होतं. हे लक्षात ठेवून त्या उघड्या वाळूत उभं राहा आणि आडोसा कुठे आहे ते शोधा. मग त्या रात्रीचा अंदाज येतो.

मुलाबद्दल. जैसलमेर शहरात त्याला सहज फिरता येईल. सीमेकडचा पट्टा मात्र परदेशी नागरिकांसाठी प्रतिबंधित आहे आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी परवानगी लागतेच. जिल्हाधिकारी कार्यालयात निघण्याच्या बरेच दिवस आधी चौकशी करा. ‘गाडीत बसून राहील, कोण विचारतंय’ असं एखादा चालक सांगेल. त्याचं ऐकू नका. पकडला गेला तर चौकशी मुलाची होते, चालकाची नाही.

किल्ल्यातल्या हॉटेलात राहावं का? — ठाणे

आमचं स्पष्ट मत आहे, राहू नये. किल्ला ११५६ सालचा, आणि आजही आत कुटुंबं राहतात. जुन्या काळी पाणी गडीसर तलावावरून डोक्यावर वाहून आणत, त्यामुळे ते बेतानंच सांडत असे. आता नळ आले, न्हाणीघरं आली. किल्ल्याखालची टेकडी ठिसूळ थरांची आहे. पाणी मुरलं की ती फुगते, भुसभुशीत होते आणि वरचे बुरूज खचतात. बुरूज पडलेही आहेत. तुमच्या दोन रात्रींच्या आंघोळींनी किल्ला पडणार नाही, पण प्रत्येक न्हाणीघर त्या टेकडीवरचा भार वाढवतं. बाहेर राहा. सकाळी सातला अखै पोल या दरवाजातून आत चढा, गर्दी नसते. खायला-प्यायला आणि खरेदीला आतल्या लोकांकडे जरूर जा, त्यांचं पोट त्यावर आहे.

विमानतळावर आणि शहरात फोटो कुठे काढू नयेत? ड्रोन नेला तर? — नाशिक

जैसलमेरचा नागरी विमानतळ हवाई दलाच्या तळावरच आहे. विमानात बसल्यापासून टर्मिनलच्या बाहेर पडेपर्यंत कॅमेरा बंद ठेवा. खिडकीची झडप लावायला सांगितलं तर लावा. शहरात किल्ला, हवेल्या, बाजार मोकळेपणानं टिपा. लष्करी ताफा, रेल्वे स्थानकावर रणगाडे लादलेली मालगाडी, रडार, तारेच्या कुंपणापलीकडचं काहीही टिपू नका. असा एक व्हिडिओ ठिकाण आणि वेळेसकट समाजमाध्यमावर गेला, की कोणती तुकडी कुठे निघाली ते घरबसल्या कळतं. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा इथे खरोखर लावला जातो. सैन्यातल्या कुटुंबांनी अनोळखी फोनपासूनही सावध राहावं. ‘साहेबांच्या ऑफिसमधून बोलतोय, यजमान कोणत्या युनिटला?’ असं विचारणाऱ्याला काहीही सांगू नका.

ड्रोन घरीच ठेवा. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर लाल दाखवलेल्या भागात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून तो उडवता येत नाही. रात्रीच्या वाळवंटात उडणारी अनोळखी वस्तू बघून जवान काय समजेल, याचाही विचार करा.

मोठे धमाके होतात, काचा हादरतात. बाळ दचकून उठतं. काय करावं? — वायुसेना कुटुंबातील वाचक, सध्या जैसलमेर

धमाक्यांचे दोन प्रकार आहेत. विमान आवाजाच्या वेगापलीकडे गेलं की एकापाठोपाठ लगेच दोन दणके येतात आणि संपतं. विमान त्या वेळी पुढे गेलेलं असतं, म्हणून दिसत नाही. पोखरणच्या बाजूच्या सरावक्षेत्रातला मारा दबक्या ठोक्यांसारखा, थोड्या-थोड्या अंतरानं बराच वेळ चालतो. दोन्हींत हवेचा दाब काचेवर आदळतो. सैल काच खळखळते आणि तडकते ती कडेनं. चौकटीतली लांबी (पुट्टी) निघाली असेल तर पुन्हा भरा किंवा सिलिकॉन लावा. बाळाचा पाळणा खिडकीपासून दूर ठेवा, वर फोटोची तसबीर नको.

फिरताना वाळूत धातूचा तुकडा, नळकांडं, पंख असलेलं काहीही दिसलं तर हात लावू नका, पायानं उलटवू नका. ज्या पावलांनी आलात त्याच पावलांनी मागे फिरा, दूर जाऊन ११२ ला फोन करा आणि जागेची खूण सांगा. सरावातला न फुटलेला गोळा वर्षानुवर्षं वाळूत पडून राहतो, वाऱ्यानं वाळू सरकली की उघडा पडतो. रिकामं काडतूस आठवण म्हणून विकत घेऊ नका. विमानतळावर ते सामानात सापडलं की शस्त्र कायद्याखाली अडकाल.

भोंगा वाजला तर नेमकं काय करायचं? — वरील वाचकाचाच दुसरा प्रश्न

खालीवर होणारा भोंगा म्हणजे धोका, सलग एकसुरी वाजला की धोका टळला. मे २०२५ मध्ये जैसलमेरनं ब्लॅकआउटच्या रात्री काढल्या आहेत. घरातला मुख्य स्विच पाडला की काम झालं असं वाटतं, पण इन्व्हर्टर लगेच दिवे लावतो. म्हणून इन्व्हर्टरवरचे दिवे वेगळे बंद करा. गच्चीवरचा सौर दिवा आणि अंधार पडला की आपोआप लागणारा फाटकाचा दिवा हमखास विसरतात. त्यांवर जाड कापडी पिशवी बांधा. दूध गरम करायला एक आतली, बिनखिडकीची जागा ठरवा. गच्चीवर बघायला जाऊ नका. वरून पाडलेल्या ड्रोनचे तुकडे खाली येतात. वाहन चालवत असाल तर कडेला घ्या, दिवे मालवा.

डिसेंबरअखेर जातोय. स्वेटर पुरेल? आणि तिथून काय आणावं? — कोल्हापूर

दुपारी स्वेटर काढावासा वाटेल. सम किंवा खुडी या गावांजवळच्या वाळूत तंबूत राहणार असाल तर पहाटे पाच अंशांच्या आसपास थंडी धरून चला. कानटोपी, मोजे आणि वारा अडवणारं जाकीट हवं, नुसती लोकर वारा आत घेते. आणायचंच तर वाळवलेली केर-सांगरी आणा. केर हे रानफळ, सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाच्या शेंगा. सांगरी बारीक, पातळ शेंगांची निवडा. जाड शेंग शिजवूनही चिवट राहते. केर रात्रभर आंबट ताकात भिजवा, सांगरी साध्या पाण्यात. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेगळं शिजवून पाणी फेका, मग तेलात लाल मिरची, धने आणि आमचूर घालून परता. बाजरीच्या भाकरीबरोबर चार दिवस टिकते.