मलप्रभा पावसात 'खवळते' की 'ढवळते'?

खवळते. 'खवळणे' म्हणजे आतूनच उसळणं, पिसाळणं: नदी खवळते, पित्त खवळतं. आमच्या खानापूर-बेळगावकडं तर 'आई खवळंल' हे रोजचंच, म्हणजे रागावेल.

'ढवळणे'ला बहुधा कुणाचा तरी हात लागतो. पळीनं आमटी ढवळायची, म्हशी डोहात उतरून पाणी ढवळतात, तळाचा गाळ वर येतो. त्यावरूनच 'ढवळाढवळ', दुसऱ्याच्या कामात हात घालणं. सीमाप्रश्न निघाला की बेळगावचं राजकारण 'ढवळून निघतं', तेही याच अर्थानं.

गंमत म्हणजे 'पोटात ढवळतंय' याला कर्ताच नाही. जांबोटीवरून चोर्ला घाटानं गोव्याला बसनं जा, मागच्या सीटवर बसा. अर्थ विचारावा लागणार नाही.