डोंगर, देव आणि भाकीत : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

डोंगराळ भागातील लोकांच्या श्रद्धा, त्यांच्यात सांगितली जाणारी भाकिते आणि त्यांचे रोजचे जगणे यांवरील पुस्तकांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी यंदा थोडी रक्कम मिळाली आहे. शाळेत गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा मुले शिकतात. डोंगरातल्या लोकांचे देव आणि त्यांच्यातली भाकिते यांवर कोणती पुस्तके घ्यावीत? विक्रेत्यांच्या याद्यांत तिबेट आणि पेरू यांखेरीज काही दिसत नाही.
— एक शिक्षिका, किनवट

उत्तर : तिबेट आणि पेरू तूर्त राहू द्यावेत. आपल्या शाळेच्या आवारातून जे डोंगर दिसतात, त्यांच्यापासूनच सुरुवात करता येईल. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाचे ‘द राज गोंड्स ऑफ अदिलाबाद’ हे पुस्तक १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. किनवट आज नांदेड जिल्ह्यात असले, तरी त्या वेळी ते हैदराबाद संस्थानातील अदिलाबाद जिल्ह्यात होते आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नांदेडकडे आले. म्हणजे पुस्तकाच्या नावात दुसऱ्या राज्यातला जिल्हा दिसतो म्हणून ते परक्यांविषयीचे आहे, असे समजण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन पारपत्रामुळे लेखकाच्या हालचालींवर बंधने आली आणि हैदराबाद संस्थानातच राहण्याची वेळ आल्यामुळे त्याने हे डोंगर जवळून पाहिले, ही त्यातली एक गमतीची बाब.

या ग्रंथाचा मोठा भाग कथा आणि विधी यांना दिलेला आहे. चार देवे, पाच देवे, सहा देवे आणि सात देवे अशा गोंडांच्या शाखा कशा झाल्या, गुहेत कोंडलेले देव कसे सुटले, गोंडांचा आदिगुरू लिंगो याने त्यांना कोणता धर्म सांगितला, हे सारे गोंडांचे परंपरागत परधान गायक किंगरी या तंतुवाद्याच्या साथीने गातात आणि ते ऐकूनच लेखकाने लिहून घेतले आहे. आपल्या वर्गातील गोंड मुलांना आपण किती देवांचे, हे बहुधा घरी सांगितलेले असते. तीच गोष्ट छापील पानावर सापडली, तर पुस्तक हे फक्त दुसऱ्यांविषयी असते ही त्यांची समजूत थोडी हलेल. मेश्राम कुळाची पौष अमावास्येला केसलापूरला भरणारी नागोबाची जत्रा तर किनवटकडच्या अनेक घरांना ठाऊक असेल.

मात्र एवढ्यावर थांबू नये. डोंगरातल्या देवांवरचे पुस्तक हाती आले की मी त्यात प्रथम वेगळ्याच गोष्टी शोधतो : त्या लोकांनी वर्षभर काय खाल्ले, जमीन कोणाच्या नावावर होती आणि सावकाराचे देणे किती होते. ज्या पुस्तकात याचा पत्ता नसतो, त्यातल्या देवांवर आणि भाकितांवर माझा फारसा विश्वास बसत नाही. गोंड नेते कुमरम भीम यांचा उठाव आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे झालेला त्यांचा मृत्यू यांची पार्श्वभूमी जंगल आणि जमीन हीच होती, आणि हाइमेनडॉर्फ या प्रदेशात काम करू लागले ते त्यानंतर. म्हणून पहिल्या पुस्तकाबरोबर त्यांचे ‘द गोंड्स ऑफ आंध्र प्रदेश’ हे १९७९ चे पुस्तकही घ्यावे. अनेक वर्षांनी त्याच गावांत परतल्यावर गोंडांच्या जमिनी बाहेरच्यांच्या हाती कशा गेल्या, हे त्यांनी त्यात नोंदवले आहे. देव तेच, जत्राही तीच, पण नैवेद्याचे धान्य ज्या शेतातून येई ते शेत गेलेले, असे ते चित्र आहे.

पैसे उरले तर याच लेखकाचे ‘द शेर्पाज ऑफ नेपाळ’ (१९६४) घ्यावे. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू खोऱ्यातील शेर्पांच्या बौद्ध धर्माचे वर्णन करताना तो चक्क बटाट्याकडे वळतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्या खोऱ्यात बटाट्याचे पीक आले, अन्न वाढले, वस्ती वाढली, आणि त्या वाढाव्यावर मठ उभे राहू शकले, असे त्याचे म्हणणे आहे. तेंगबोचेचा प्रसिद्ध मठ १९१६ मधला आहे, हे लक्षात घेतले की या म्हणण्यातली ताकद कळते. शेरी ऑर्टनर यांनी ‘हाय रिलिजन’ (१९८९) या पुस्तकात मठांच्या स्थापनेमागे गावातल्या मातबरांमधील चढाओढ, पुण्य आणि प्रतिष्ठा यांची ओढ कशी होती, हे दाखवून या चर्चेत भर घातली. बटाट्याने मठ बांधला असे कोणी म्हणणार नाही. पण बटाटा वगळून मठाची गोष्ट सांगणाराही अर्धीच गोष्ट सांगतो.

ही पुस्तके इंग्रजी आहेत आणि मुलांना ती जड जातील, हे खरे आहे. ती शिक्षकांनी वाचावीत आणि वर्गात सांगावीत. मुलांच्या हाती थेट द्यायला गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ ही सह्याद्रीतील ठाकरांची कादंबरी आहे, तिच्यात डोंगर, मधमाश्या आणि भगताच्या मुलाचा हट्ट आहे. वरच्या वर्गांसाठी भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ हा कवितासंग्रह ठेवावा.

प्रश्न : जेम्स हिल्टनची ‘लॉस्ट होरायझन’ नुकतीच वाचून झाली. हिमालयापलीकडच्या दरीतले ते शांग्री-ला कुठे आहे का? आणि मोठ्या लामाने वर्तवलेले भविष्य तिबेटी ग्रंथांतून घेतले आहे का?
— निवृत्त बँक कर्मचारी, अंबाजोगाई

उत्तर : शांग्री-ला हे नाव हिल्टनने १९३३ मध्ये कल्पनेने बनवले आणि तो स्वतः तिबेटात कधी गेला नव्हता. पुढे चीनने युन्नानमधील झोंगदियान या गावाचे नाव २००१ मध्ये अधिकृतपणे शांग्री-ला केले, त्यामुळे आज नकाशावर ते सापडते. कादंबरी आधी आणि गाव मागून, हा उलटा प्रवास पर्यटनाच्या व्यवसायालाच सुचू शकतो.

भाकिताचे म्हणाल, तर बाहेरच्या जगात मोठा विध्वंस होईल आणि दरीत जपलेले ज्ञान त्यातून वाचेल, असे कादंबरीतला लामा सांगतो. पहिले महायुद्ध पाहिलेल्या आणि दुसऱ्याची चाहूल लागलेल्या युरोपीय वाचकाच्या मनातलीच ती भीती होती. लामा स्वतःसुद्धा मुळात युरोपातून आलेला ख्रिस्ती धर्मोपदेशक आहे, हे आपल्या लक्षात आलेच असेल. दरीत राबणारी माणसे मात्र पुस्तकभर जवळजवळ मुकी आहेत. कादंबरी वाचनीय आहे, मीही ती एका बैठकीत संपवली होती. पण डोंगरातल्या लोकांची श्रद्धा समजून घेण्यासाठी तिचा उपयोग नाही.

तिबेटी परंपरेत खरोखरच जे आहे, ते याहून अधिक चमत्कारिक आणि अधिक माणसांचे आहे. संकटकाळी आसरा देणाऱ्या गुप्त दऱ्या तिबेटी बौद्धांचा आद्य गुरू पद्मसंभव याने हिमालयात राखून ठेवल्या, त्यांच्याकडे जाण्याच्या खुणा ग्रंथांत लपवल्या आणि योग्य वेळी योग्य लामाला त्या सापडतील, असे ती परंपरा मानते. या दऱ्यांना बेयुल म्हणतात, आणि शेर्पांचे खुंबूही त्यांपैकीच एक समजले जाते. म्हणजे ज्या दरीत बटाट्यामुळे वस्ती वाढली, तीच दरी भाकितातलीही आहे, आणि तिथल्या माणसाला या दोन गोष्टींत विसंगती वाटत नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तुलशुक लिंगपा नावाचा लामा अशीच एक दरी उघडण्यासाठी शेकडो अनुयायांसह कांचनजंगाच्या बाजूला गेला आणि हिमकडा कोसळून मरण पावला. त्याच्या अनुयायांच्या आठवणी गोळा करून थॉमस शोर यांनी ‘अ स्टेप अवे फ्रॉम पॅराडाइज’ हे पुस्तक लिहिले आहे. घरदार सोडून निघालेल्या त्या माणसांना लेखक हसत नाही आणि त्यांच्या वतीने दावेही करत नाही. हा तोल फार थोड्यांना साधतो. आपण पुढचे पुस्तक घेणार असाल तर हे घ्यावे, आणि त्याच्या जोडीला पीटर मॅथिसन यांचे ‘द स्नो लेपर्ड’ (१९७८). प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांच्याबरोबर १९७३ मध्ये लेखकाने नेपाळच्या डोल्पो भागात केलेली पायपीट त्यात आहे. हिमबिबट्या त्याला शेवटपर्यंत दिसत नाही. त्याचे पुष्कळसे लक्ष स्वतःच्या दुःखाकडे असते, हे मान्य करूनही हमालांशी घातलेली हुज्जत आणि अडलेल्या खिंडी तो लपवत नाही, म्हणून ते पुस्तक मला प्रामाणिक वाटते.

प्रश्न : भाकिते, अंगात येणे, भगत यांवरची पुस्तके सुचवून आपण अंधश्रद्धेला खतपाणी घालत नाही का? राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.
— एक वाचक, धाराशिव

उत्तर : नाही. तो कायदा अघोरी प्रथा आणि त्यातून होणारे शोषण यांविरुद्ध आहे. लोक काय मानतात हे वाचण्याविरुद्ध नाही. जिम कॉर्बेटच्या ‘द मॅन-ईटिंग लेपर्ड ऑफ रुद्रप्रयाग’ या पुस्तकात केदार-बद्रीच्या वाटेवर सव्वाशे माणसे मारणाऱ्या बिबट्याला गढवालचे लोक दुष्टात्मा मानतात, आणि त्या संशयावरून एका साधूचा जीव जाण्याची वेळ येते. तो बिबट्या १९२६ मध्ये मारला गेला. लोकांची भीती काय होती हे ठाऊक असल्यावाचून त्या साधूला वाचवता आले नसते, एवढे आपणही मान्य कराल.

प्रश्न : मी तांड्यावर वाढलो असून सध्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. एक वाटी पाणी रुपयाला विकले जाईल असे आमच्या बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांनी सांगून ठेवले होते, असे आमची वडीलधारी माणसे सांगतात. या विषयावर प्रकल्प लिहावा असे वाटते, पण मार्गदर्शक म्हणतात की हे शास्त्रीय नाही. कोणते पुस्तक आधार म्हणून वापरता येईल?
— एक विद्यार्थी, मुखेड तालुका

उत्तर : भाकीत खरे ठरले की खोटे, हा प्रश्न तुम्ही घेतलात तर तुमच्या मार्गदर्शकांची शंका रास्त ठरेल. भाकीत कोण सांगतो, कधी सांगतो आणि ऐकणाऱ्याला त्यातून काय कळते, हा प्रश्न घेतलात तर तो पूर्णपणे अभ्यासाचा विषय आहे. त्यासाठी नमुना म्हणून कुमार सुरेश सिंह यांचे छोटानागपूरमधील मुंडा आदिवासींचे नेते बिरसा मुंडा यांच्यावरील ‘द डस्ट-स्टॉर्म अँड द हँगिंग मिस्ट’ (१९६६) हे पुस्तक मिळवावे. लेखक प्रशासकीय सेवेत होते आणि मुंडांच्या प्रदेशात त्यांनी काम केले होते, त्यामुळे सरकारी कागद आणि लोकांच्या तोंडची गाणी या दोन्हींपर्यंत त्यांचा हात पोहोचला.

१८९५ मध्ये चलकद येथे बिरसांनी प्रलय येणार असल्याचे सांगितले आणि जे आपल्याजवळ येतील तेच वाचतील असे म्हटले, तेव्हा शेतीची कामे टाकून माणसे तिथे जमली. प्रलय आला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बिरसांना अटक झाली आणि त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. भाकीत फसले म्हणून चळवळ तिथेच संपायला हवी होती. प्रत्यक्षात सुटकेनंतर ती अधिक उग्र झाली. ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात बिरसांचा मृत्यू झाला आणि १९०८ मध्ये छोटानागपूरचा कूळकायदा आला. भाकीत फसूनही चळवळ न संपण्याचे कारण माझ्या मते असे की, प्रलयाची ती भाषा ज्यांच्या पूर्वजांनी जंगल तोडून शेत केले आणि ज्यांचे शेत जमीनदाराने बळकावले, त्यांना नेमकी कळत होती. त्यांच्यासाठी जग बुडायला सुरुवात आधीच झालेली होती. हीच कथा कादंबरीतून वाचायची असेल, तर महाश्वेता देवींच्या ‘अरण्येर अधिकार’ला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला आहे आणि तिचा हिंदी अनुवाद ‘जंगल के दावेदार’ या नावाने उपलब्ध आहे. पण प्रकल्पात कादंबरीतला प्रसंग पुरावा म्हणून देऊ नका; ही चूक विद्यार्थी फार करतात.

आता तुमच्या विषयाकडे येऊ. सेवालाल महाराजांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ चा मानला जातो. त्या काळी लमाण, म्हणजेच बंजारा, बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दूरदूर जात असत, आणि वाटेवरचे पाणी हा त्यांच्या जनावरांच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. विहिरीवरच्या पाण्याला मोल लावणे ही अशा माणसाच्या दृष्टीने जगाची घडी उलटल्याचीच खूण असणार. पुढे रेल्वे आली, बैलांचा व्यापार बुडाला, तांडे बालाघाटाच्या माळरानांवर स्थिरावले आणि नंतर ऊसतोडीला निघाले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा तुमच्या तांड्यावर हे वचन कसे सांगितले गेले असेल, याचा विचार करा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली म्हातारी ते एका रीतीने सांगेल आणि बाटलीबंद पाणी विकत घेणारा तिचा नातू दुसऱ्या रीतीने. तुमचा प्रकल्प या दोघांच्या मधल्या जागेत आहे.

काम असे करावे. प्रथम वचन गोरमाटीत, म्हणजे तांड्यावरच्या बोलीत, जसेच्या तसे उतरवून घ्यावे आणि मराठी अर्थ वेगळा द्यावा. सांगणाऱ्याचे अंदाजे वय, ते त्याने कोणाकडून ऐकले आणि कोणत्या प्रसंगी ऐकले, याची नोंद प्रत्येक वेळी करावी. पोहरादेवीच्या यात्रेत, जयंतीच्या कार्यक्रमात आणि घरी चुलीपाशी सांगितलेली रूपे एकमेकांत मिसळू नयेत. छापील पुस्तिका आणि भ्रमणध्वनीवर फिरणारे मजकूर यांतून वचने पुन्हा तोंडी परंपरेत शिरतात, म्हणून ‘हे आपण वाचले की ऐकले’ हा प्रश्न न चुकता विचारावा. आणि पाणी त्या तांड्याला त्या वर्षी कुठून येत होते, टँकर लागला होता का, विहीर कोणाच्या मालकीची होती, हे ग्रामपंचायतीच्या दप्तरातून त्याच पानावर लिहून ठेवावे. मार्गदर्शकांना वचन दाखवण्याआधी हे पान दाखवा.