राजवायू इतर मूलद्रव्यांशी सहसा अभिक्रिया का करत नाहीत?

तुमचा प्रश्न असा, की 'बाह्यतम कवच पूर्ण असतं म्हणून राजवायू निष्क्रिय' हे (हेलियम, नीऑन, आर्गॉन, झेनॉन वगैरे वायूंबद्दलचं) वाक्य पाठ आहे, पण कवच पूर्ण असल्याने अणू गप्प का बसतो? शंका रास्त आहे, कारण पुस्तकातलं ते वाक्य आर्गॉनपाशीच अडतं. आर्गॉनचं संरूपण, म्हणजे कवचांतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी, २, ८, ८. त्याच पुस्तकात चार पानं आधी लिहिलेलं असतं की तिसऱ्या, म्हणजे एम कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात. मग दहा जागा रिकाम्या असताना आर्गॉनचं कवच भरलं कसं?

म्हणून जागा मोजत बसू नका, ऊर्जेचा हिशेब मांडा. एक मोल (म्हणजे ठरावीक मोठ्या संख्येने) सोडिअम अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल लागतात. ते इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूंनी घेतले की ३४९ परत मिळतात. इथवर तोटाच. पण विरुद्ध प्रभाराचे आयन मिठाच्या स्फटिकात शेजारी शेजारी बसले की सुमारे ७८७ किलोज्यूल सुटतात, आणि सगळं वसूल होऊन वर उरतं. आता सोडिअमच्या जागी नीऑन घ्या. इलेक्ट्रॉन काढायलाच २,०८१ किलोज्यूल. स्फटिकातून मिठाइतकीच ऊर्जा मिळाली असं धरलं, तरी नऊशेच्या वर तूट राहते. असा व्यवहार होतच नाही.

एवढा फरक का? सोडिअमचा अकरावा इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचात एकटा असतो, आणि केंद्रकाचा बराचसा धनप्रभार आतल्या दहा इलेक्ट्रॉनांनी झाकलेला असतो. नीऑनचे बाहेरचे आठ एकाच कवचात असतात. ते एकमेकांना फारसे झाकत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाला केंद्रकाची ओढ जबरदस्त बसते. म्हणजे देणं परवडत नाही. घेणंही नाही, कारण नव्या इलेक्ट्रॉनला पुढच्या कवचात बसावं लागेल, आणि तिथून पाहिलं तर दहा प्रोटॉनांना दहा इलेक्ट्रॉनांनी झाकून टाकलेलं. ओढ अशी उरतच नाही. आर्गॉनच्या त्या दहा रिकाम्या जागांचं कोडंही इथेच सुटतं: त्या डी उपकवचात (कवचाच्या एका पोटभागात) आहेत, आणि त्या उपकवचाची ऊर्जा इतकी वर असते की तिथे इलेक्ट्रॉन बसवून काही फायदा नाही.

राहिली इलेक्ट्रॉनांची भागीदारी, म्हणजे सहसंयुज बंध. त्यासाठी साधारणपणे सुटा इलेक्ट्रॉन लागतो, इथे सगळे जोडीने बसलेले. जोडी फोडायचा खर्च बहुतेक वेळा बंधातून निघत नाही.

नायट्रोजनही आळशी वायू, पण त्याचं कारण वेगळं. त्याच्या रेणूतला तिहेरी बंध तोडायला अवघड, एवढंच. पुरेशी उष्णता दिली की तो संयुगं करतो. १८९४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅमसेने हवेतून काढलेला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशिअमवरून पुन्हा पुन्हा फिरवला. नायट्रोजन मॅग्नेशिअमने खाल्ला, मागे थोडासा वायू उरला, तो आर्गॉन. फॅब्रिकेशनच्या दुकानात स्टेनलेस स्टीलला 'आर्गॉन वेल्डिंग' करतात तेही याच भरवशावर. हजारो अंशांच्या आर्कमध्येसुद्धा आर्गॉन वितळलेल्या धातूशी संयुग करत नाही. मधेच सिलिंडर संपला तर मात्र आर्क जिथून निघतो ते टंगस्टनचं टोक करपतं आणि चकचकीत टाका काळा, भोकाभोकांचा होतो, कारण आता तिथे हवा पोचलेली असते.

तुम्ही 'सहसा' हा शब्द घातलात ते बरं केलंत. आवर्तसारणीतल्या राजवायूंच्या उभ्या रांगेत (गणात) खाली जावं तसे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब जातात आणि काढायचा खर्च उतरतो: आर्गॉन १,५२१, क्रिप्टॉन १,३५१, झेनॉन १,१७०. झेनॉनच्या आकड्यावर रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेटचा डोळा पडला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात काम करताना त्याला दिसलं होतं की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड चक्क ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेतं. ऑक्सिजनच्या रेणूचा खर्च जवळजवळ झेनॉनइतकाच. मग झेनॉनने काय घोडं मारलंय? मार्च १९६२ मध्ये त्याने प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडची वाफ आणि झेनॉन एकत्र सोडले. लाल वाफ आणि रंगहीन झेनॉन भेटताच पिवळट नारिंगी घनपदार्थ तयार झाला, तोही खोलीच्या तापमानाला. (तो पदार्थ नेमका काय यावर पुढे बराच खल झाला, पण झेनॉनने अभिक्रिया केली याबद्दल वाद नव्हता.) त्याच वर्षी अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत (नाव योगायोगाने तसं, वायूशी संबंध नाही) झेनॉन आणि फ्लोरीन निकेलच्या भांड्यात ४०० अंशांना तापवून झेनॉन टेट्राफ्लोराइडचे स्फटिक मिळाले.

फ्लोरीनच का? त्याच्या दोन अणूंमधला बंध कमकुवत, म्हणून तोडायला स्वस्त, आणि इलेक्ट्रॉनांची त्याची भूक सगळ्यात मोठी. हिशेब फायद्यात आणायला असाच गडी लागतो. तरी झेनॉन–फ्लोरीन बंध फार भक्कम नसतो, म्हणूनच झेनॉन डायफ्लोराइड आपला फ्लोरीन सहज सोडतं. सूक्ष्म यंत्रं बनवताना सिलिकॉन कोरायला ते त्यासाठीच वापरतात.

आर्गॉनचं एक संयुग २००० साली हेलसिंकीत बनलं, पण ते उणे २५० अंशांच्या आसपासच टिकतं. हेलियमला सोडिअमशी जोडायला वातावरणाच्या दाबाच्या दहा लाखपट दाब लागला. आणि नीऑनचं बाटलीत भरून ठेवता येईल असं संयुग अजून कोणाला जमलेलं नाही.